केनियाचा क्रिकेट संघ २००३ च्या वर्ल्डकपमध्ये उपांत्य फेरीत होता, मग नंतर गेला कुठे?

अजून खेळतो, फक्त आपल्या टीव्हीवर येईल अशा पातळीवर नाही. मी पुणेकर, त्यामुळे या संघाबद्दल जरा हळवा आहे. तेवढं समजून घेऊन वाचा.

१९७५ च्या पहिल्या वर्ल्डकपला केनिया आणि शेजारच्या देशांचा मिळून 'पूर्व आफ्रिका' नावाचा एकत्र संघ होता. भारताने वर्ल्डकपमधला आपला पहिला सामना जिंकला तो याच संघाविरुद्ध, दहा गडी राखून. १९८१ मध्ये केनियाला आयसीसीचं स्वतंत्र सदस्यत्व मिळालं. नैरोबीतलं क्रिकेट मुख्यतः आशियाई लोकांच्या क्लबांचं होतं: जिमखाना, आगाखान, स्वामीबापा, सर अली मुस्लिम क्लब. त्या मैदानांवर हळूहळू आफ्रिकी पोरंही खेळू लागली आणि एकामागून एक भाऊच संघात आले. टिकोलो, ओडुम्बे, सूजी, ओबुया ही आडनावं धावफलकावर पुन्हापुन्हा दिसतात ती त्यामुळे.

२९ फेब्रुवारी १९९६ ला वर्ल्डकपच्या सामन्यात आमच्या पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनिया १६६ धावांत आटोपला. त्यात सर्वाधिक ३७ धावा अवांतर! समोर वेस्ट इंडीज, म्हणजे विषय संपला असंच कुणालाही वाटलं असतं. पण लारा ८ धावांवर यष्टिरक्षक तारिक इक्बालच्या हाती सापडला आणि विंडीजचा अख्खा डाव ९३ वर कोसळला. कर्णधार मॉरिस ओडुम्बेने १५ धावांत ३ बळी घेतले. दोन वर्षांनी याच लोकांनी ग्वाल्हेरला भारतालाही हरवलं.

२००३ मध्ये प्रशिक्षक होते आपले संदीप पाटील. न्यूझीलंडने सुरक्षेचं कारण देऊन नैरोबीला यायला नकार दिला आणि केनियाला फुकटचे गुण मिळाले, हे खरंच आहे. म्हणून 'नशिबाने उपांत्य फेरी गाठली' असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. श्रीलंकेला त्यांनी मैदानात हरवलं; लेगस्पिनर कॉलिन्स ओबुयाने २४ धावांत ५ बळी घेतले. मग बांगलादेश आणि झिम्बाब्वेलाही हरवलं. डर्बनला आसिफ करीमने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८.२ षटकांत ७ धावा देऊन ३ बळी घेतले. उपांत्य सामन्यात मात्र गांगुलीने शतक ठोकलं आणि भारत ९१ धावांनी जिंकला. कसोटी दर्जा नसलेला दुसरा कुठलाही संघ पुरुषांच्या एकदिवसीय वर्ल्डकपमध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेलेला नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझ्या मते घसरणीची कारणं २००३ च्या आधीपासूनच तिथे होती, त्या यशामुळे ती झाकली गेली इतकंच. १९९६ चे आणि २००३ चे संघ शेजारी ठेवून बघा: टिकोलो, ओडुम्बे, ओडोयो, मार्टिन सूजी, केनेडी ओटिएनो, आसिफ करीम, तीच माणसं. खाली नवी फळी नव्हतीच. आपल्या रणजीसारखी चार-चार दिवसांच्या सामन्यांची पक्की घडी नाही, सगळी भिस्त नैरोबीच्या आठवडी क्लब क्रिकेटवर. शिवाय पोरांचा ओढा फुटबॉलकडे.

नेमकं तेव्हाच सगळं एकदम अंगावर आलं. मोठ्या देशांनी खेळायला बोलावणं जवळपास बंदच केलं. २००४ मध्ये बुकींशी संबंध ठेवल्याबद्दल ओडुम्बेवर पाच वर्षांची बंदी आली. मानधनावरून खेळाडूंचा संप झाला, संघटनेच्या कारभारावर आरोप झाले आणि २००५ मध्ये तिच्या जागी 'क्रिकेट केनिया' ही नवी संघटना आली. सामने नाहीत म्हणून प्रायोजक नाहीत, प्रायोजक नाहीत म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून नवी पोरं टिकत नाहीत.

२०११ च्या वर्ल्डकपमध्ये सहाच्या सहा सामने हरले, न्यूझीलंडविरुद्ध ६९ मध्ये सर्वबाद. त्यातही कॉलिन्स ओबुया, आता फलंदाज म्हणून, ऑस्ट्रेलियासमोर नाबाद ९८! २०१४ मध्ये एकदिवसीय दर्जा, म्हणजे सामने अधिकृत एकदिवसीय म्हणून मोजले जाण्याचा हक्क, गेला. २०१८ ला तर दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेतही तळाला राहिले. त्यानंतर कर्णधार, प्रशिक्षक आणि संघटनेच्या अध्यक्षा, तिघांनीही राजीनामे दिले.

परत वर येतील का? दरम्यान नामिबिया पुढे निघून गेला, आणि एकेकाळी त्याच 'पूर्व आफ्रिका' संघाचा भाग असलेला युगांडा २०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्डकप खेळला. त्याच वर्षी केनियाने भारताचा माजी गोलंदाज दोड्डा गणेश याला प्रशिक्षक नेमलं आणि काही आठवड्यांतच काढलंही. संघटनेचा कारभार असा असेल तोवर मी तरी फार आशा धरणार नाही.