ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी बायकांची ठिपक्यांची चित्रं लाखो डॉलरला का जातात? ठिपके तर कोणीही काढेल ना?

ठिपके कोणीही काढेल हो, पण एखाद्या जागेचे काढायचा हक्क तिकडे ज्यांची ती जागा त्यांनाच असतो, खरी गोम तिथेच आहे.

एमिली कामे उंगवारेचंच घ्या. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावाच्या ईशान्येला युटोपिया म्हणून वाळवंटी भाग आहे, तिथली ही चित्रकार बाई, जन्म साधारण 1910 चा. कॅनव्हास हातात आला तो 1988 च्या शेवटाला, म्हणजे पंचाहत्तरी उलटल्यावर, आणि 1996 ला गेली, तेवढ्यात चित्रं काढली हजारोंनी! आता ही शिकली कुठे म्हणाल तर अंगावर. तिथल्या बायकांचे स्वतःचे विधी असतात, त्याला अवेल्ये म्हणतात, त्यात एकमेकींच्या छातीवर-दंडावर गेरूचे नि पांढऱ्या मातीचे पट्टे ओढायचे, आपल्या जागेची गाणी म्हणायची, नाचायचं. आपली पिढीजात जमीन परत मिळवायचा दावा चालला तेव्हा कागद कुठून आणणार, बायकांनी हेच करून दाखवलं, तोच त्यांचा सातबारा. 1977 पासून त्या बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवायचं काम, करायच्या, त्या विक्रीचाही दाव्याला हातभार लागला. लोक हे सगळं सोडून फक्त लिलावाचे आकडे बघतात.

मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात तिचं 1995 चं रताळ्यासारख्या रानकंदाचं चित्र आहे, जवळजवळ तीन मीटर उंच, आठ मीटर लांब, काळ्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा. लांबून गुंताडा वाटतो, जवळ गेलं की कळतं, ही जमिनीखाली पसरलेली मुळं आहेत, कंद पोसला की वर माती तडकते आणि त्या भेगा बघून बायका खणतात, त्याही त्यातच. एकही ठिपका नाही बरं का, त्यामुळे सगळ्यांना ठिपक्यांची चित्रं म्हणणं मला तरी पटत नाही.

पैशाचं म्हणाल तर तिचं एक चित्र 2007 ला दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेलं, तेच 2017 ला 21 लाखांना, पण हा पैसा विकणाऱ्याच्या खिशात जातो. 2010 पासून कायद्याने फेरविक्रीतले 5 टक्के चित्रकाराला किंवा वारसांना मिळायला लागले, माझ्या मते फारच कमी.

आणि घ्यायचंच असेल तर आदिवासींच्या स्वतःच्या गावच्या आर्ट सेंटरचं सर्टिफिकेट बघून घ्या, टुरिस्ट दुकानातल्या स्वस्त मालाला बऱ्याचदा कुठल्याच आदिवासीचा हात लागलेला नसतो.