एचडीआर टोन मॅपिंगमध्ये (कडक ऊन आणि अंधार दोन्ही एकाच फोटोत बसवताना) लाइट अडॅप्टेशन आणि कलर अडॅप्टेशन कितीवर ठेवावं? माझे घरातले फोटो राखाडी येतात.

लाइट अडॅप्टेशन १ वर असणार तुमचं. ओपनसीव्ही या प्रोग्रॅमिंग लायब्ररीतल्या राइनहार्ड नावाच्या टोन मॅपिंग पद्धतीत आपण काही दिलं नाही तर ते १ च असतं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल फक्त स्वतःच्या उजेडाला सरावतो आणि सगळं सपाट होतं. ० म्हणजे अख्ख्या फोटोच्या सरासरीला. ०.६ पासून सुरू करा.

पण प्रश्न बघून राहवलं नाही, कारण याच दोन आकड्यांवरून आमच्या घरात भांडण झालंय. गावच्या वाड्यात आजी माजघरात देवापुढे जप करत बसलेली, बाहेर चौकात दुपारचं रणरणतं ऊन. ट्रायपॉडवरून दोन-दोन स्टॉपच्या (म्हणजे दरवेळी चौपट उजेडाच्या) फरकाने ५ फोटो काढले, आजी हलली नाही, नुसता जपमाळेचा हात जरा दुहेरी आला. मी लाइट ०.६, कलर ०.१ ठेवलं. कोपरे काळे राहिले, पण समईचा पिवळा उजेड तिच्या गालावर नि लुगड्याच्या काठावर होता तस्सा आला. दादा म्हणाला, काळोख केलायस, फडताळसुद्धा दिसत नाही, आणि दोन्ही १ वर नेऊन तोच प्रिंट फ्रेम करून आणला. कलर १ केलं की लाल, हिरवा, निळा वेगवेगळे सरावतात, मग समईचा पिवळेपणाच धुऊन निघतो. आजी ट्यूबलाइटखाली बसल्यासारखी दिसते त्यात, आणि माजघरात ट्यूब कधी नव्हतीच!

दादा म्हणतो डोळ्याला कोपरेही दिसतात. दिसतात, पण उन्हातून आत आल्या आल्या नाही ना. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना अंधाराला सरावायला दहाएक मिनिटं लागतात, अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना अर्धा तास तरी, आणि दंडपेशींना रंग कळतच नाहीत, मग दादाने त्याच्या प्रिंटमध्ये फडताळाचा तो तांबूस रंग आणला कुठून?

हां, फ्लॅट विकायला फोटो काढत असाल आणि खिडकीचा निळा नि बल्बचा पिवळा उजेड मिसळला असेल तर कलर ०.४-०.५ पर्यंत न्या, तिथे चालतं. आणि गॅमा (फोटोतल्या मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा) २.२ करायला विसरू नका, तोही आधी १ च असतो.

आजीला जाऊन ३ वर्षं झाली. पाचही रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइली माझ्याकडे आहेत. गणपतीत गावी जाताना माझा प्रिंट नेणार, माजघरात समई लावून दोन्ही फोटो शेजारी ठेवणार आणि दादाला समोर बसवणार.