मुलाला 'टाकून गेला' असं कायदा नेमकं कधी म्हणतो?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच शब्दाभोवती फिरतायत, 'टाकून जाणं'. घरात आपण हा शब्द रागात, दुःखात, भांडणात सहज वापरतो. कायद्यात मात्र त्याचा अर्थ बराच अरुंद आहे, म्हणून तिन्ही पत्रांना इथेच उत्तर देते.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर तीन वर्षांपूर्वी घर सोडून दुसऱ्या शहरात गेले. मुलगा आता आठ वर्षांचा आहे. एक रुपया पाठवत नाहीत, वाढदिवसाला फोन आला तर आला. सगळे म्हणतात दोन वर्षं झाली की बापाने मूल टाकलं असं कोर्ट धरतं आणि त्याचा हक्क आपोआप जातो. हे खरंय का? प्रत्येक कागदावर वडिलांची सही मागतात, ती मी कुठून आणू?

उत्तर : आपोआप काहीच जात नाही हो, आणि हे 'दोन वर्षं' प्रकरण नवरा-बायकोचं आहे, मुलाचं नाही. हिंदू विवाह कायद्यात जोडीदार सलग दोन वर्षं सोडून गेला असेल तर ते घटस्फोटाचं एक कारण होतं, तेवढंच. लोक तोच आकडा मुलाला लावतात आणि मग बाया वर्षानुवर्षं काहीच न करता थांबून राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मूल टाकण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ मध्ये आहे (१ जुलै २०२४ च्या आधी तो भारतीय दंड संहितेत कलम ३१७ होता). त्यात मूल १२ वर्षांच्या आतलं हवं, सोडणारे आईबाप किंवा ज्यांच्यावर त्याची जबाबदारी आहे ते हवेत, आणि मुख्य म्हणजे त्याला पूर्णपणे टाकून द्यायच्या इराद्याने कुठेतरी सोडलेलं हवं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. तुमचा मुलगा तुमच्याजवळ आहे, सुरक्षित आहे, वडील घरातून गेले पण त्याला उघड्यावर सोडलं नाही, म्हणून हे कलम तुमच्या केसमध्ये बसणं अवघड आहे. तीन वर्षं तुम्ही एकटीने सगळं ओढलंत त्यामुळे हे वाचून राग येईल मला माहितीये, पण चुकीच्या कलमामागे पळून आणखी दोन वर्षं घालवू नका.

आणखी एक, बाल न्याय कायदा २०१५ मध्ये 'परित्यक्त बालक' असा शब्द आहे, तो ऐकून कुणी सल्ला दिला तर सावध राहा. आईबाप किंवा पालक सोडून गेलेत अशा मुलाबद्दल बालकल्याण समिती (अशा मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली सरकारी समिती) चौकशी करून तसं जाहीर करते, आणि पुढे ते मूल दत्तक देण्यासाठी मोकळं होऊ शकतं. तुम्ही खंबीरपणे उभ्या आहात, तुमचं मूल त्यात येतच नाही आणि येऊही नये.

मग करायचं काय, तर पोटगी मागा, फक्त मुलासाठी मागितली तरी चालते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५. अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात करता येतो, त्यांच्या शहरात खेटे घालायची गरज नाही. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज नोटीस पोहोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यातच म्हटलंय (प्रत्यक्षात उशीर होतो, पण वकिलांना हे आठवण करून द्या). दोघांनाही आपल्या कमाईचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितलंय, त्यामुळे अर्ज जितका उशिरा कराल तितके महिने हातातून जातात. ऑर्डर झाल्यावर हप्ता थकला तर एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा, हे फार जणी विसरतात आणि मग जुनी रक्कम बुडते.

सहीचं म्हणाल तर तुम्हाला हिंदू कायदा लागू असेल तर १९९९ चा गीता हरिहरन खटला वकिलांना दाखवा. वडील मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करत असतील तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलंय. तरीही कुणी अडवत असेल तर पालक व पाल्य कायदा १८९० खाली कोर्टाकडून पालकत्वाची ऑर्डर घेऊन ठेवा. वडील उद्या भेटायला आले तर भेट द्यायची की नाही तेही कोर्ट मुलाचं हित बघून ठरवेल, तीन वर्षं आले नाहीत याची नोंद तिथे नक्की होते पण शिक्षा म्हणून नाही, मुलाला काय झेपेल या नजरेने.

प्रश्न : मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आहे, चार वर्षांची मुलगी माझ्या आईकडे आहे. रोज व्हिडिओ कॉल करते, पैसे पाठवते, महिन्यातून एकदा जाऊन येते. वेगळा राहणारा नवरा धमकी देतोय की मुलीला टाकून गेली म्हणून केस करेन, जेल होईल.

उत्तर : आजीकडे मूल ठेवणं म्हणजे टाकणं नाही. वर लिहिलेला 'पूर्णपणे टाकून द्यायचा इरादा' तुमच्याकडे कुठे आहे, तुम्ही तर उलट सांभाळणारं माणूस बघून मगच गेलात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये मुलाला सोडून देणं, जाणूनबुजून हेळसांड करणं याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यातही त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता असावी लागते.

नवरा एक गोष्ट मात्र करू शकतो, ताब्यासाठी अर्ज. ती वेगळी केस आहे आणि तिथे मुलगी प्रत्यक्षात कुणाजवळ कशी वाढतेय हे बघतात. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईजवळ असावं असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ म्हणतो. पैसे पाठवल्याचे बँकेचे एंट्री, तिकिटं, लसीकरणाचं कार्ड, कॉलचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. धमकीचे मेसेज डिलीट करू नका.

प्रश्न : आमच्या जवळच्या नात्यातली २० वर्षांची मुलगी लग्नाआधी आई होणार आहे. ती आणि घरचे बाळ ठेवू शकत नाहीत. कुणी म्हणतं गुपचूप कुठेतरी ठेवून या, कुणी म्हणतं ओळखीतल्या जोडप्याला देऊन टाका. पोलीस केस होईल का?

उत्तर : गुपचूप ठेवून याल तर होऊ शकते, आणि बाळाच्या जिवाला काही झालं तर खून किंवा सदोष मनुष्यवधापर्यंत जाऊ शकते. कृपया हे करू नका. ओळखीत परस्पर देणंही नको, त्यात पैशाचा व्यवहार झाला तर मूल विकल्याचा गुन्हा लागतो, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

सरळ रस्ता आहे आणि तो गुन्हा नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे बाळ बालकल्याण समितीच्या स्वाधीन करता येतं. बाळाची आई स्वतः सही करते, आधी तिचं समुपदेशन होतं, आणि सही केल्यावरही मन बदललं तर बाळ परत घ्यायला दोन महिने असतात, हे तिला नक्की सांगा कारण बाळंतपणानंतरच्या त्या दिवसांत मन फार हलतं. या चौकशीत जन्मदात्या आईवर एफआयआर नोंदवायचा नाही असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. समिती कुठे आहे, कधी बसते हे माहीत नसेल तर १०९८ वर फोन करा, तो रात्री-अपरात्रीही चालू असतो. बाळंतपणाची वाट बघू नका, आत्ताच कुणीतरी बोलून ठेवा, आणि फोन करताना ती मुलगी शेजारी असू द्या, तिला काय हवंय ते तिच्याच तोंडून येऊ द्या.