धातूची कोडी पहिल्यांदाच घेताय? नग मोजू नका, तार दाबून बघा

तुम्ही विचारलंय: 'संध्याकाळी हातातून मोबाईल सुटावा म्हणून एकमेकांत अडकवलेली धातूची कोडी घ्यायची आहेत. ऑनलाइन २४ आणि ३२ नगांचे स्वस्त सेट दिसतात. नवख्याने कुठला घ्यावा?'

कुठलाच नाही. दोन-तीन कोडी सुटी घ्या, पण नीट बनवलेली.

असाच एक २४ चा सेट मी घेतला होता, म्हणून सांगतो. पिशवीतून निघालेली निम्मी कोडी एकाच युक्तीची होती, फक्त तारेचा आकार बदललेला. एका कडीचा सांधा धड जुळलेला नव्हता, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी फट होती. भाच्याने जोर लावला, तार त्या फटीतून कचकन बाहेर आली आणि तो 'सुटलं!' म्हणून घरभर नाचला. सुटलं कसलं, मोडलं होतं. त्यानंतर ते कोडं कितीही वेळा जोडलं तरी त्याच फटीतून निघायचं.

धातूच्या कोड्यात सगळा खेळ मापाचा असतो. दोरीची कोडी वेगळी. दोरी वाकते, सैल पडते, तिथे लांबी थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं. धातूत मात्र फट तारेच्या जाडीपेक्षा केसभर मोठी, आणि तीही एकाच कोनात समोर येणारी, अशी ठेवलेली असते. तार मऊ असली की फट हवी तेवढी ताणता येते. मग डोकं चालवायचं कशाला? म्हणून दुकानात गेलात तर आधी दोन्ही अंगठ्यांनी तार दाबून बघा. वाकत असेल तर खाली ठेवा. कडीवर नख फिरवा, सांधा लागला तर तीही नको.

पहिलं कोडं म्हणून मी डोळे झाकून दोन वाकड्या खिळ्यांचं सांगेन. लोकलमध्ये, जत्रेत मिळायचं ते. विकणारा बोलता बोलता दोन सेकंदांत सोडवून दाखवतो आणि आपण घरी येऊन तासभर खटपट करत बसतो. प्रत्येक खिळ्याला एक वेढा असतो आणि त्या वेढ्यात छोटीशी फट. नवखा माणूस खिळे सरळ ओढतो. ओढल्याने काही होत नाही. दोन्ही फटी एकमेकींसमोर आणून एक खिळा दुसऱ्याभोवती गोल फिरवायचा असतो. उत्तर डोळ्यांसमोर असतं, लपवलेलं काहीच नसतं, म्हणून हे कोडं पहिल्यासाठी चांगलं.

दुसरं, घोड्याच्या नालांचं. दोन नाल, दोन्ही टोकांना छोट्या साखळ्यांनी जोडलेले, आणि साखळ्यांवर मधोमध अडकलेलं एक कडं. नाल ताणून धरले की कडं कुठल्याच बाजूने निघत नाही. हात आपोआप नाल ताणूनच धरतात, गोम तिथेच आहे. ते जवळ आणून, पीळ देऊन दुमडून बघा. पुढचं सांगत नाही, मजा जाईल.

थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर जपानच्या हानायामा कंपनीची ओतीव कोडी बघा. आधी 'कास्ट' नावाने यायची, आता 'हझल' नावाने येतात. डब्यावर १ ते ६ अशी पातळी छापलेली असते. 'डिस्क' दुसऱ्या पातळीचं आहे, तिथून सुरुवात करा. 'एनिग्मा' दिसायला देखणं आहे, पण सहाव्या पातळीचं. ते पहिलंच घेतलंत तर कपाटात शोभेला राहील. ही कोडी हातात जड लागतात, तुकडे एकमेकांवर लोण्यासारखे सरकतात. स्वस्त तारेची खरखर आणि या सरकण्यातला फरक एकदा हाताला कळला की पुढची खरेदी सोपी होते.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. कोडं हलवायच्या आधी मोबाईलवर त्याचे दोन फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. सोडवणं निम्मंच काम, परत अडकवणं उरलेलं निम्मं. बऱ्याचदा चुकून सुटतं आणि कसं सुटलं ते आपल्यालाच कळत नाही. परत जोडता आलं तरच सुटलं म्हणायचं, असा आमच्या घरचा नियम आहे.

माझे आजोबा असल्या वस्तूला 'गोरखधंदा' म्हणायचे. आता तो शब्द लबाडीसाठीच उरलाय. गोरखपंथी साधू पट्ट्यांचं, दोरा ओवलेलं एक चक्र जवळ बाळगत, युक्ती माहीत नसेल तर तो दोरा सुटत नसे. शब्द त्यावरून आला असं सांगतात.

तारेच्या लांबट वळशावर ओळीने कड्या अडकवलेलं चिनी कोडं तुम्हाला ऑनलाइन यादीत दिसेलच. इटालियन गणिती कार्दानोने १५५० मध्ये त्याबद्दल लिहिलंय, इतकं ते जुनं. नियम एवढाच: पहिली कडी कधीही काढता-घालता येते, बाकी कुठलीही हलवायची तर तिच्या लगेच अलीकडची कडी वळशावर हवी आणि तिच्याही अलीकडच्या सगळ्या उतरलेल्या. त्यामुळे एक कडी उतरवण्यासाठी आधी उतरवलेल्या परत चढवाव्या लागतात. एका वेळी एक कडी धरली तर पाच कड्यांना २१ चाली लागतात, नऊ कड्यांना ३४१. नियम कळला की हे कोडं अवघड राहत नाही, नुसतं लांब राहतं. म्हणून घेतलंत तर पाच कड्यांचंच घ्या. माझ्याकडे नऊचं आहे. मध्येच कुणी चहा घेणार का विचारलं की मी उतरवत होतो की चढवत, तेच विसरतो.