बॅकअप आहे हो, पण उद्या सकाळी बिल फाटणार का?

गेल्या अंकात पावसाळ्याआधी यूपीएसची बॅटरी कशी तपासायची ते लिहिलं होतं. त्यावर आलेली निम्मी पत्रं बॅटरीबद्दल नाहीतच, सगळ्यांचा सूर एकच, की कम्प्युटर सिस्टिमच बसली तर धंद्याचं काय करायचं. म्हणून या वेळचं सदर त्यावरच. कोणाचं नाव छापत नाही, गाव आणि धंदा तेवढा दिलाय.

प्रश्न : फोंड्यात आमचं हार्डवेअरचं होलसेल दुकान आहे. हिशोब टॅलीवर. रोज दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर बॅकअप घेतो. आता कम्प्युटरवाला मागे लागलाय, डिझास्टर रिकव्हरी प्लान करून घ्या म्हणून. आम्ही काय बँक आहोत? का नुसता माल खपवायचा धंदा आहे हा?

कोटेशन बघितल्याशिवाय त्याच्या मनातलं मी कसं सांगू! असेलही. पण प्लान मात्र तुम्हाला लागतो, म्हणजे सिस्टिम बसली तर धंदा परत कसा उभा करायचा ते आधीच ठरवलेलं, आणि त्यातला मोठा भाग विकत मिळतच नाही, तो एका फुलस्केप कागदावर तुम्हालाच लिहायचा असतो.

रोज बॅकअप घेता हे उत्तमच, अर्ध्या बाजाराला तेवढंही जमत नाही. पण आता असं धरा की शनिवारी रात्री वीज कडाडली आणि सकाळी पीसी ढिम्म, चालूच होत नाही. कम्प्युटरवाला फोन उचलत नाही, चतुर्थीचे दिवस असतील तर विषयच संपला. पेनड्राइव्ह तुमच्या खिशात आहे, पण तो लावणार कुठे? दुसरा पीसी आहे का, त्यावर टॅली आहे का, असली तर व्हर्जन जुनं तर नाही? लायसन त्या जळालेल्या मशीनवर अ‍ॅक्टिव्हेट केलेलं, ते नव्यावर घ्यायचं तर ज्या ईमेलवर नोंदवलंय त्याचा पासवर्ड हवा, आणि तो ईमेल निघतो कधीच नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा, नाहीतर ज्याने टॅली विकली त्याचा. मग माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाचा पासवर्ड कोणाला पाठ आहे, जीएसटीचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो, बिलाचा प्रिंटर नव्या पीसीला जोडायची सीडी कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे... आणि हे सगळं शोधेपर्यंत काउंटरवर गिऱ्हाईक उभं, त्याला साइटवर पाइप पाठवायचेत, तो दहा मिनिटं थांबेल आणि पलीकडच्या दुकानात जाईल. डेटाचा एक आकडाही हरवलेला नाही आणि तरी दुकान बंद! बॅकअप आणि प्लान यात फरक आहे तो इथे.

म्हणून कम्प्युटरवाल्याशी बोलायच्या आधी घरात बसून दोन गोष्टी ठरवा. एक, बिलिंग किती वेळ बंद पडलेलं तुम्हाला परवडेल, दोन तास की दोन दिवस. दुसरी, किती वेळाचं काम परत हाताने भरायची तयारी आहे. तुमचा बॅकअप संध्याकाळचा, म्हणजे दुपारी चारला डिस्क गेली तर त्या दिवसाची सगळी बिलं गेली. बिलाची दुसरी प्रत फाईलला लागत असेल तर हरकत नाही, बसून भराल, कंटाळा येईल पण होईल. औषधांच्या दुकानात बॅच नंबर आणि एक्सपायरीसकट हेच करून बघा म्हणजे कळेल, त्यांनी दुपारी पण एक बॅकअप घ्यावा. कोटेशनमधल्या आरटीओ आणि आरपीओचा अर्थ एवढाच, पहिला म्हणजे किती वेळात परत उभे राहणार, दुसरा म्हणजे किती मागचा डेटा गेला तर चालेल. तुमचे आकडे तुम्ही ठरवा, विकणाऱ्याला ठरवू देऊ नका. त्याने ठरवले की सर्व्हर आलाच समजा.

आणि "आम्ही काय बँक आहोत" म्हणता, पण जीएसटीच्या नियमांत, ५७ व्या नियमात, कम्प्युटरवर हिशोब ठेवणाऱ्याने असा बॅकअप ठेवायचा म्हटलंय की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने रेकॉर्ड गेलं तर ते रास्त वेळात परत उभं करता येईल. रेकॉर्ड ठेवायची मुदत वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. "पाणी शिरलं हो साहेब" हे उत्तर तिथे चालेल अशी आशा धरू नका.

पेनड्राइव्हबद्दल बोलायलाच हवं. एकच पेनड्राइव्ह, रोज त्याच्यावरच लिहिलं जातं, आणि बऱ्याच दुकानांत तो पीसीला कायम खोचलेला. रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तर पीसीबरोबर तोही लॉक होतो, विजेचा झटका आला तर दोन्ही एकदम जातात. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या, आज ही उद्या ती, आणि जी वापरात नाही ती घरी न्या. घर दुकानाच्याच माडीवर असेल तर मेहुण्याकडे, काकाकडे, कुठेही, पण दुसऱ्या इमारतीत. यालाच ३-२-१ म्हणतात, प्रती तीन, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक लांब. मोठमोठे लोक इथेच फसलेत. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी डेटा सेंटरला आग लागली, आग कशाची तर यूपीएसच्या लिथियम बॅटरीची! शेकडो सरकारी सिस्टिम बंद पडल्या, आणि कर्मचारी ज्या सरकारी क्लाउडवर फाईली ठेवायचे तिथला ८५८ टेराबाइट डेटा कायमचा गेला, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती. आता यूपीएसवाल्या पत्रांना पण उत्तर मिळालं असेल, फुगलेली बॅटरी पीसीच्या पायाशी ठेवू नका.

मुलगा म्हणेल गूगल ड्राइव्हवर टाकलंय ना. टाकू दे, पण जो फोल्डर आपोआप सिंक होतो तो बॅकअप नाही, इथे फाईल बिघडली की तिथेही बिघडलेलीच जाते. चालू टॅलीचा डेटा फोल्डर सिंकला लावणं तर त्याहून वाईट. टॅलीतून बॅकअप फाईल काढा, तारीख घालून ती वर चढवा.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, तो बॅकअप कधी उघडून बघितलाय का? गिटलॅब म्हणून कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रामर आपलं काम तिथे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका माणसाने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली, लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या त्यांच्याकडे, गरजेला एकही धड चालली नाही, एक तर व्हर्जन जुळत नाही म्हणून कधीपासून नुसतीच फेल होत होती आणि कोणाला पत्ता नाही. कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी एक कॉपी काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. प्रोग्रामरांच्या कंपनीची ही गत, तर आपलं काय! तेव्हा एका रविवारी मुलाच्या लॅपटॉपवर तुमचा बॅकअप रिस्टोर करा, ट्रायल बॅलन्स काढा, दुकानातल्याशी पैशापर्यंत जुळतो का बघा. आणि घड्याळ लावून बसा. जेवढा वेळ लागला तेवढाच तुमचा खरा आकडा, आधी कागदावर काय लिहिलं होतं ते खोडा.

प्रश्न : मांद्रेला आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. बुकिंग, बिल, सगळं क्लाउडवर. आमच्याकडे फक्त एक लॅपटॉप आणि मोबाईल. आम्हाला कशाला हवा प्लान?

तुमचा डेटा त्यांच्याकडे सुखरूप असेल, मान्य, पण तुम्ही तिथपर्यंत पोचणार कसे हा प्रश्न तुमचाच. तौक्ते वादळ आठवा, मे २०२१, कितीतरी गावांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती. आणि वादळ कशाला, रस्ता खणताना जेसीबीने फायबर तोडली की झालं.

पलीकडची, क्लाउडवाल्याची सिस्टिम पण पडते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले, आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. लोक त्या पासचे फोटो टाकून हसत होते, पण मला विचाराल तर त्या दिवशी तोच खरा प्लान होता! कोरे पास होते, लिहायला माणूस होता, विमान उडालं.

तुमच्याकडे पण तसंच हवं. रोज संध्याकाळी पुढच्या तीन दिवसांचे येणारे-जाणारे पाहुणे, खोली, ॲडव्हान्स किती आला, फोन नंबर, एवढ्याची प्रिंट काढून रिसेप्शनच्या खणात ठेवा, नाहीतर नेट गेलं की दारात टॅक्सीतून उतरलेल्या माणसाचं बुकिंग आहे की नाही हेच कळणार नाही. पावती पुस्तक छापून ठेवा. ब्रॉडबँड एका कंपनीचं तर मोबाईलचं सिम दुसऱ्या कंपनीचं असू दे. परदेशी पाहुण्याची सरकारला द्यायची माहिती, सी फॉर्म म्हणायचे ती, चोवीस तासांत जायला हवी, तेव्हा पासपोर्ट-व्हिसाचे तपशील आधी वहीत उतरवून घ्या. क्लाउडवाल्याकडून महिन्याला एकदा एक्सेलमध्ये सगळं उतरवून घेता येतं का तेही विचारा, नाही म्हणाला तर पुढच्या वर्षी पैसे भरण्याआधी दुसरा बघा.

अजून एक, लॉगिनचा ओटीपी येतो तो मोबाईल जर समुद्रात पडला तर? मांद्रे आहे म्हणून विचारतोय.

प्रश्न : वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. विषय काढला की साहेब म्हणतात, आयटीवाला बघतो ना. खरंच तोच बघतो, पण सगळं त्या एकट्यालाच माहीत आहे. कसं समजावू? — एक वाचक भगिनी

ताई, वादच घालू नका. साहेबांना एवढंच विचारा की आयटीवाला पंधरा दिवस हॉस्पिटलात असेल तर सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड कोणाकडे आहे. पासवर्ड बंद पाकिटात घालून, सही मारून, कंपनीच्या तिजोरीत. पासवर्ड बदलला की पाकीट बदलायचं. फोन करायची यादी, कोणी कोणाला आधी सांगायचं, पगार सात तारखेला जाणार असेल तर सिस्टिम नसताना बँकेला काय पाठवायचं, हे तुम्हीच लिहून काढा, अकाउंट्समधल्या माणसाला ते आयटीवाल्यापेक्षा जास्त कळतं. आणि ते प्रिंट करून भिंतीला लावा, सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवलं तर त्या दिवशी वाचणार कोण!

साहेबांना गोष्टी आवडत असतील तर मर्स्कची सांगा. जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने त्यांचं जगभरचं नेटवर्क पुसलं. कोण कर्मचारी, कोणाला कशाची परवानगी, हे सांभाळणारे सर्व्हर एकमेकांची कॉपी ठेवायचे, त्यामुळे प्रत आहे असं सगळे धरून होते, आणि ते सगळेच एकदम गेले. एक वाचला, आफ्रिकेत घानामध्ये, कारण तिथे नेमकी तेव्हा लाईट गेली होती! त्या एकावरून कंपनी परत उभी राहिली, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने बसवले, नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात. आपल्याकडे लाईट इतकी जाते की आपण सगळे सुरक्षितच असायला हवे होतो, पण इन्व्हर्टर असतो ना.

प्रश्न : फाईली उघडत नाहीत, स्क्रीनवर बिटकॉइन मागणारा मेसेज आलाय. काय करू? पैसे भरू का? — म्हापसा

तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, इतरांसाठी लिहितो. आधी लॅनची वायर उपटा, वायफाय बंद करा, बाकीचे पीसी पण नेटवर्कवरून काढा. बॅकअपची डिस्क चुकूनही लावू नका, घाईघाईत तीच लावतात लोक आणि तीही घालवतात. फॉरमॅट मारू नका, मेसेजचा फोटो काढा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. कंपनी असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचा नियम एप्रिल २०२२ च्या आदेशात आहे. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही जातींच्या रॅन्समवेअरच्या चाव्या फुकट मिळतात, तुमची जात तिथे आहे का बघा. पैसे भरून फाईली परत मिळतीलच याची हमी कोणी देत नाही, आणि एकदा भरणारा गिऱ्हाईक म्हणून लक्षात राहतो तो वेगळाच.

छोट्या गोव्याला कोण विचारतो म्हणणाऱ्यांसाठी, जून २०२२ मध्ये आपल्या जलस्रोत खात्याच्या पणजीतल्या सर्व्हरवर हेच झालं. १५ नद्यांच्या पूर देखरेखीचा डेटा, आणि दिवस ऐन पावसाळ्याचे. बिटकॉइनच मागितले होते. अँटिव्हायरस नव्हता आणि फायरवॉल जुनी होती, हे तक्रारीतच म्हटलं होतं.

प्रश्न : विंडोज १० चा सपोर्ट संपला, पण आमचा पीसी अजून छान चालतोय. बदलू का? — डिचोली

१४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालायला चालेल, पण सुरक्षेचे फुकट अपडेट सहसा येणार नाहीत, आणि मे २०१७ च्या वॉनाक्राय रॅन्समवेअरने दीडशे देशांत धुमाकूळ घातला तो दोन महिने आधी आलेला अपडेट न मारलेल्या मशीनवरच. बिलिंगचा पीसी नेटला जोडलेला असेल तर बदला. जुना भंगारात देऊ नका, त्याचं नेट काढा, त्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर लावून एकदा बिल काढून बघा आणि प्लास्टिकने झाकून कपाटात ठेवा. आपल्या खाऱ्या दमट हवेत नुसता पडून राहिला तर बोर्ड गंजतो, म्हणून महिन्यातून एकदा तासभर चालू करायचा, आणि त्याच तासात नवा बॅकअप त्यावर रिस्टोर करून घ्यायचा.