शिवपूरची बाग बघायला जातेस तर

पणजीहून कोलकात्याला जातेच आहेस, तर शिवपूरच्या वनस्पती उद्यानाला अख्खी सकाळ दे. 1787 साली वसलेली ही बाग 109 हेक्टरांची आहे. सगळी बघायच्या नादात काहीच धड बघून होत नाही. आधी महावटवृक्ष गाठ. त्याचं मूळ खोड बुरशीने सडलं म्हणून 1925 मध्ये काढून टाकलं. आज खोडं वाटतात त्या जाड झालेल्या पारंब्या! मग माडाच्या कुळातली झाडं. माड-पोफळ तुझ्या ओळखीची, त्यामुळे पानं पिसासारखी की पंख्यासारखी, एवढ्यावरून सुरुवात कर. फोटो आधी झाडाच्या नावाच्या पाटीचा काढ, नाहीतर घरी नावं जुळत नाहीत. नंतर खोड, पानाच्या दोन्ही बाजू. पाटी शेजारच्या झाडाची नाही ना, हेही बघ. पावसाळा टाळ, डास फार.