भुताखेतांच्या किंवा अद्भुत कादंबरीचं परीक्षण लिहिताना नेमकं काय बघावं?

मी आधी नियम बघतो. भूत काय करू शकतं, काय नाही, हे लेखकाने ठरवलंय का? पाचव्या प्रकरणात उंबरा ओलांडू न शकणारी हडळ विसाव्यात थेट माजघरात आली, तर कथानक तिथेच फसलं. भाषा कितीही गोड असो.

मग गोष्ट तोंडी सांगून बघा. आमच्याकडे तुरीत डुकरं शिरतात, म्हणून रात्री राखणीला, जागलीला जावं लागतं. तिथे शेकोटीपाशी गोष्ट सांगायची. ऐकणारा शेकोटीत लाकूड सारायचं विसरला की समजायचं, जमलं. (‘तुंबाड’ या भयपटाचं बीजही असंच पडलं: १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने दिग्दर्शक राही बर्वेंना भयकथालेखक नारायण धारपांची कथा सांगितली होती.)

पात्रं? भुताआधी माणूस खरा हवा. रात्री दोनला लाइन (वीज) येते म्हणून पाण्याची मोटार सुरू करायला निघालेला गडी विहिरीपाशी काही दिसलं तरी लगेच पळत नाही. आधी ओलिताचा विचार करतो. असा तपशील सापडला तर परीक्षणात तोच द्या.

शैलीसाठी ‘गूढ’, ‘अनाकलनीय’, ‘भयाण’ हे शब्द मोजा. एका पानात तीनदा आले तर लेखकाकडे दाखवायला काही नाही. शेवट मात्र फोडू नका, लोक शिव्या घालतात.